सांडपाण्यातली औषधं काढायला एकच प्रक्रिया का पुरत नाही?

कारण प्रत्येक औषध वेगळं वागतं. नेहमीच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात जिवाणू मैला खातात, पण फिट्सवरचं कार्बामाझेपिन त्यांना पचत नाही. ते बहुतांश तसंच नदीत जातं. ओझोन वायू मात्र त्याला आणि डायक्लोफेनॅक या वेदनाशामकालाही झटकन तोडतो. अडचण पुढे आहे: तुटलेले तुकडे पाण्यातच राहतात, त्यातले काही घातकही असू शकतात. म्हणून ओझोननंतर वाळूची जैविक गाळणी (वाळूवर वाढलेले जिवाणू तुकडे खातात) किंवा प्रदूषक शोषून घेणारा सक्रिय कोळसा हवाच. क्रमही महत्त्वाचा. मैला आधी काढला नाही, तर महागडा ओझोन त्यावरच खर्च होतो.

स्वित्झर्लंडमध्ये ड्युबेनडॉर्फच्या केंद्रात २०१४ पासून ओझोन आणि मग वाळूची गाळणी अशी जोडी चालते. २०१६ पासून त्या देशातल्या निवडक केंद्रांना औषधांसारखे सूक्ष्म प्रदूषक ८० टक्के काढणं कायद्यानंच बंधनकारक आहे.

आपल्याकडे हैदराबादजवळच्या पाटणचेरूत औषध कारखान्यांचं पाणी घेणाऱ्या केंद्रातून बाहेर पडलेल्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडलं होतं. तो अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातही एवढं नसतं! इतकं दाट पाणी कारखान्यातच वेगळं काढून शुद्ध करायला हवं, असं माझं ठाम मत आहे.