मराठी–इंग्रजी भाषांतराचं छोटं मॉडेल करायचंय. समांतर वाक्यं, म्हणजे एकाच अर्थाच्या मराठी-इंग्रजी वाक्यांच्या जोड्या, कुठून घ्यावीत आणि वापरण्याआधी काय साफ करावं?

साठा मिळणं आता अवघड नाही. एआय४भारत या संशोधनगटाचा 'समानांतर' हा समांतर वाक्यांचा साठा २०२१ मध्ये आला आणि २०२३ मध्ये त्याहून बराच मोठा बीपीसीसी. दोन्हींत मराठी आहे. ऑपस या अनेक भाषांच्या खुल्या संग्रहावरही भरपूर आहे, पण तिथल्या सॉफ्टवेअरच्या फायलींत 'फाइल उघडा' छापाचे तुकडेच जास्त. ते बाजूला ठेवा. चाचणीला फ्लोरेस या तयार चाचणीसंचातली १०१२ वाक्यं घ्या आणि तीच वाक्यं प्रशिक्षणाच्या साठ्यात शिरली नाहीत ना, हे आधी तपासा.

खरी मेहनत पुढे आहे. हिंदी डोळ्यासमोर ठेवून लिहिलेली स्क्रिप्ट मराठीवर तशीच चालवली, तर शब्दच बदलतात आणि कुठे एररही येत नाही. 'आचाऱ्यांना' घ्या. यातला 'ऱ्य' दोन तऱ्हांनी टाइप केलेला सापडतो: नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच. अदृश्य चिन्हं सरसकट उडवलीत की दुसऱ्या तऱ्हेतला जॉइनर जातो आणि 'आचार्यांना' उरतं. लग्नातले स्वयंपाकी एका ओळीत विद्वान! नुक्ते काढण्याचा पर्याय चालू ठेवलात तर पहिल्या तऱ्हेचंही तेच होतं. म्हणून आधी र, हलन्त, जॉइनर या तिकडीचं ऱ आणि हलन्त करा, मग एनएफसी (एकच अक्षर वेगवेगळ्या कोडांनी लिहिलेलं असेल तर ते एका रूपात आणणारी युनिकोडची पद्धत) चालवा, आणि त्यानंतरच उरलेले जॉइनर काढा. नुक्त्याला हात लावू नका.

एनएफसीवर फार विसंबूही नका. 'ॲप', 'अॅप', 'ऍप' हे तिन्ही त्यातून वेगळेच बाहेर पडतात, कारण ॲ हे युनिकोडमध्ये २००८ साली आलेलं स्वतंत्र अक्षर आहे. तिन्हींचं ॲ करणारा नियम स्वतः लिहावा लागतो.

वाक्यं तोडतानाही हिंदीची सवय नडते. दंडावर (।) तोडणाऱ्या साधनाला मराठीचा अख्खा परिच्छेद एकच वाक्य वाटतो. पूर्णविरामावर तोडलं, तर 'डॉ.', 'रु.', 'इ. स.' इथे वाक्य मोडतं आणि पुढची जुळणी एकेक ओळ सरकते. अशा संक्षेपांची यादी करून द्या. पन्नासेक नोंदींत बरंच काम भागतं.

छोट्या ओळींवर भाषा ओळखणारी साधनं मराठी, कोंकणी, हिंदीत गोंधळतात. तीन-चार शब्दांच्या ओळी मी सरळ टाकून देईन.

चुकीच्या जोड्या गाळायला लाबसेचे (दोन भाषांतल्या वाक्यांचा अर्थ किती जुळतो ते मोजणाऱ्या मॉडेलचे) गुण वापरा, पण उंबरठा आंधळेपणाने ठरवू नका. त्याच्या अल्याड-पल्याडच्या शंभरेक जोड्या स्वतः वाचा. आकडा चुकलेल्या जोडीलाही लाबसे चांगले गुण देतं, तेव्हा आकडे वेगळे ताडून पाहा. त्याआधी देवनागरी अंक आणि लाख-कोटी एका मापात आणा, नाहीतर '५० लाख' आणि '५ मिलियन' ही अगदी बरोबर जोडी बाद होईल.