मुंबईत रोड बाईकसाठी गाड्यांचा त्रास नसलेला, जंगलातला चढाचा रस्ता आहे का?

तुम्ही लिहिलंय की नवीन रोड बाईक घेतलीये, हायवेवर डंपर बाजूने गेला की हात थरथरतात, आणि जवळपास गाड्या नसलेला, झाडीतला, थोडा चढ असलेला रस्ता हवाय. आहे की, आणि तो शहराच्या पोटातच आहे. बोरिवलीचं संजय गांधी नॅशनल पार्क, मेन गेट ते कान्हेरी लेणी. मी दहिसरला राहते, गेली बारा वर्षं तिथे सायकल चालवतेय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी एक स्पष्ट सांगते. हा रस्ता कागदावर शंभर टक्के गाडीबंद आहे असं समजून येऊ नका. वनखात्याच्या जीपा असतात, आतल्या आदिवासी पाड्यांवरच्या लोकांच्या बाईक असतात, दिवस वर आला की पर्यटकांची ने-आण सुरू होते. पण पहाटे गेट उघडल्यापासून साधारण साडेसातपर्यंत तिथे चालणारे, पळणारे आणि सायकलवाले एवढेच असतात, आणि तो दीड-दोन तासांचा वेळ म्हणजे मुंबईत राहून मिळू शकणारी सगळ्यात मोठी चैन आहे असं माझं ठाम मत आहे. सोमवारी पार्क बंद असतं हे लक्षात ठेवा, बरेच जण सोमवारी गेटवरून परत जातात. पहाटेच्या एन्ट्रीचे पास आणि वेळा अधूनमधून बदलतात, म्हणून आदल्या दिवशी गेटवर जाऊन खिडकीवर विचारून घ्या.

आता रस्ता. गेटपासून लेण्यांच्या पायथ्यापर्यंत साधारण सहा किलोमीटर. सुरुवातीचा भाग जवळजवळ सपाट आहे, बाजूने दहिसर नदी जाते. हो, तीच नदी, जी पुढे आमच्याकडे येईपर्यंत नाला होते. ती आत तुळशी तलावाकडून निघते आणि पार्कात तिचं पाणी इतकं स्वच्छ असतं की तळाचे दगड दिसतात, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला खरंच रडू आलं होतं कारण माझं सगळं बालपण त्याच नदीच्या खालच्या अंगाला नाक दाबून गेलंय. पुढे झाडी दाट होत जाते, साग, करंज, मध्येच बांबू, आणि शेवटच्या दोनेक किलोमीटरला चढ लागतो. घाट म्हणावा असा नाही, पण नवीन माणसाला धाप लागेल एवढा नक्की आहे, आणि वळणावळणाचा असल्यामुळे चढ संपला असं वाटतं आणि पुढे अजून असतो. दोनदा वर-खाली केलं तर चोवीस किलोमीटर होतात, ऑफिसच्या आधी तेवढं पुष्कळ झालं.

चढताना काही प्रॉब्लेम नाही. मला जे मनापासून सांगायचंय ते उताराबद्दल. रोड बाईकवाले इथे येतात आणि उतरताना टायमिंग लावायला बघतात, ते कृपा करून करू नका. तो रस्ता आपला नाहीये. म्हणजे कायद्याने वगैरे नाही म्हणत मी, नुसतं पहाटे तिथे बघा कोण कोण असतं: काठी घेऊन चालणारे आजोबा, कानात इअरफोन घातलेल्या बायका, पाड्यावरून डोक्यावर टोपली घेऊन येणारी बाई, रस्त्याच्या मधोमध बसलेली माकडं, आणि कधीही बाजूच्या गवतातून उडी मारून समोर येणारं चितळ. यातलं कोणीही तुम्हाला घंटी वाजवून सांगणार नाही. त्यात रस्त्यावर गतिरोधक आहेत आणि सावलीत ते दिसत नाहीत. मी पाचव्या-सहाव्या वर्षी, म्हणजे अगदी नवखी नसताना, सप्टेंबरमध्ये एका मोरीजवळच्या वळणावर घसरले. पाऊस थांबून दोन दिवस झाले होते, डांबर कोरडं दिसत होतं, पण झाडाखालच्या पट्ट्यावर शेवाळाचा हिरवा थर होता. पुढचा ब्रेक दाबला आणि सायकल बाजूला, कोपर सोलून निघालं, हेल्मेटला तडा. मागून येणाऱ्या एका वॉकर काकांनी बाटलीतलं पाणी ओतून जखम धुतली. तेव्हापासून पावसाळ्यात मी २५ मिलिमीटर रुंदीचे टायर काढून २८ चे लावते, हवा थोडी कमी ठेवते आणि उतारावर दोन्ही ब्रेकवर बोटं ठेवूनच उतरते.

बिबट्याचं विचारलं नाहीये तुम्ही पण विचाराल. आहेत, भरपूर आहेत. पार्क शंभराहून जास्त चौरस किलोमीटर आहे, मुंबई आणि ठाणे दोन्हीकडे पसरलेलं, आणि त्यात बिबटे सुखाने राहतात. बारा वर्षांत मला दोनदा दिसलाय, दोन्ही वेळा रस्ता ओलांडून निघून गेला, माझ्याकडे बघितलंही नाही. घाबरायचं कारण नाही पण एक गोष्ट सायकलवाल्यांना कोणी सांगत नाही: अंधारात किंवा उजाडताना पंक्चर झालं तर एकट्याने रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून चाक काढू नका. उभा माणूस बिबट्याला माणूस वाटतो, खाली बसलेला माणूस छोट्या जनावरासारखा दिसतो. सायकल हातात धरून चालत पुढे या, चार माणसं असतील तिथे थांबा आणि मग काढा ट्यूब.

मागच्या हिवाळ्यातली एक सकाळ सांगते. चढावर होते, सगळ्यात हलका गियर, साखळीचा टिकटिक आवाज सोडला तर काही नाही. अचानक डावीकडे वानर खॅक खॅक करून ओरडलं, मग लगेच खालून चितळ ओरडलं. रस्त्यावर जे कोणी होते ते सगळे जागच्या जागी थांबले, कोणी कोणाला सांगितलं नाही. मी पण उतरले. एकही माणूस बोलत नव्हता, पानांवरून दव पडल्याचा आवाज येत होता. पाच-सात मिनिटांनी आवाज लांब गेला, शेवटी बंद झाला, मग एका आजींनी नुसती मान हलवली आणि सगळे चालायला लागले. काही दिसलं नाही कोणालाच. पण हायवेवर मला असं थांबता आलं असतं का?

वर पोचलात की सायकल पायथ्याशी लावून जमलं तर लेणी बघा (तिकीट वेगळं असतं, वेळही वेगळी). शंभराच्या वर गुहा आहेत, कण्हगिरी म्हणजे कृष्णगिरी, त्यावरून कान्हेरी. कल्याण, सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानाचे शिलालेख आहेत. मला मात्र सगळ्यात आवडतात ती पाण्याची टाकी, प्रत्येक गुहेशेजारी खडकात खोदलेली, पावसाचं पाणी पन्हाळीतून टाक्यात. पायथ्याशी पाड्यावरच्या बायका काकड्या, आवळे, सीझनला बोरं विकायला बसतात. सुटे पैसे आणा आणि घ्या त्यांच्याकडून. एनर्जी जेलपेक्षा मीठ-मिरची लावलेली काकडी कधीही चांगली, फक्त माकडांसमोर पिशवी उघडू नका.

तुळशी तलावाकडे जाणारा फाटा दिसेल, तिकडे परवानगीशिवाय जाता येत नाही, प्यायच्या पाण्याचा तलाव आहे. कोणी म्हणालं की आतून पायवाटेने थेट ठाण्याला निघता येतं, तर ऐकू नका, तो जंगलाचा आतला भाग आहे. कारवी, म्हणजे इथल्या जंगलातलं जांभळ्या फुलांचं झुडूप, ८ वर्षांनी एकदा फुलते, २०१६ ला फुलली तेव्हा लोक रोपं तुडवत आत घुसत होते, बघवत नव्हतं.

ठाण्याला राहत असाल तर उपवनवरून येऊरचा चढ आहे, कान्हेरीपेक्षा खडा आणि पायांना जास्त मजा देणारा, पण तिथे बंगले आणि हॉटेलं असल्यामुळे शनिवार-रविवारी गाड्या असतात, तो आठवड्याच्या मधल्या दिवशी पहाटेच करा. गोरेगावच्या आरे कॉलनीचं नाव बरेच जण सुचवतील. झाडी सुंदर आहे, पण मेन रोडवर पवई-गोरेगावची रहदारी असते, तुमच्यासारख्या नवीन माणसाला मी नाही सांगणार.

पहिल्यांदा येताना मंगळवार ते शुक्रवार बघा, रविवारी फार गर्दी असते. गेट हायवेलाच आहे, त्यामुळे तेवढा तुकडा सर्व्हिस रोडने सहाच्या आत उरकून घ्या. दिवे पुढे-मागे दोन्ही लावा, पण आत गेल्यावर पुढचा लुकलुकणारा मोड बंद करून मंद ठेवा आणि थोडा खाली वळवा, समोरून चालत येणाऱ्यांच्या डोळ्यांवर येतो.