गिटार वाजवणाऱ्याचं नाव कुठे लिहितात?

"माझा मुलगा बारावी कॉमर्सला आहे. सहा वर्षं गिटार वाजवतोय, लग्नसराईत आमच्या भागातल्या एका ऑर्केस्ट्राबरोबर कार्यक्रमही करतो. घरी मात्र दिवसभर साठ-सत्तरच्या दशकातलं इंग्लिश रॉक. परवा म्हणाला, 'मला स्टार नाही व्हायचं, सेशन म्युझिशियन व्हायचंय, दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगला बोलावतात तो वादक.' त्यानेच सांगितलं की त्या गाजलेल्या रेकॉर्डवर पुष्कळदा बँडच्या जागी दुसरेच लोक वाजवायचे आणि कव्हरवर त्यांचं नावसुद्धा नसायचं. तो हे कौतुकाने सांगतो आणि माझ्या पोटात गोळा येतो. राबायचं याने आणि नाव दुसऱ्याचं, असल्या धंद्यात पोराला कसं जाऊ देऊ? त्याचे बाबा म्हणतात, बँकेच्या परीक्षा दे. – एक आई, सांगली जिल्हा"

ताई, सप्रेम नमस्कार.

माझ्याकडे येणाऱ्या पत्रांतल्या निम्म्या मुलांना टीव्हीवर गायचं असतं. 'मला स्टार नाही व्हायचं' म्हणणारा सतरा वर्षांचा मुलगा बऱ्याच दिवसांनी भेटला. आणि तो थापा मारत नाहीये, त्याने सांगितलेलं खरं आहे.

जानेवारी 1965. लॉस एंजेलिसमध्ये 'द बर्ड्स' नावाचा नवा बँड आपलं पहिलं मोठं गाणं रेकॉर्ड करत होता, 'मिस्टर टॅम्बरिन मॅन'. बँडमध्ये पाच जण, पण वाद्य हातात घेऊन वाजवलं एकट्या रॉजर मॅक्ग्विनने. ड्रम हॅल ब्लेनचे, बास गिटार लॅरी नेक्टेलची, दोघंही बाहेरून बोलावलेले. मॅक्ग्विन हा किस्सा रंगवून सांगतो: त्या लोकांबरोबर तीन तासांत दोन गाणी झाली; पुढे सगळ्या बँडने मिळून 'टर्न! टर्न! टर्न!' वाजवलं, तेव्हा 77 टेक लागले. स्टुडिओचं भाडं तासावर असतं ताई. कंपनीने बाहेरची माणसं का बोलावली, हे कॉमर्सच्या मुलाला वेगळं शिकवायला नको.

अशी उदाहरणं हवी तेवढी आहेत. 1966 मध्ये 'बीच बॉइज' हा बँड जपानच्या दौऱ्यावर असताना त्यांच्यातलाच ब्रायन विल्सन लॉस एंजेलिसमध्ये भाड्याच्या वादकांना घेऊन 'पेट साउंड्स' या अल्बमचं संगीत ध्वनिमुद्रित करत होता. बाकीच्यांनी परत येऊन त्यावर गायलं. बीटल्सच्या 'लव्ह मी डू'ची जी आवृत्ती त्यांच्या पहिल्या अल्बमवर आहे, तिच्यात ड्रम अँडी व्हाइट नावाच्या सेशनवाल्याचे आहेत आणि बँडचा स्वतःचा ड्रमर रिंगो बिचारा खंजिरी वाजवतोय. लेड झेपलिन बँडचा गिटारवादक जिमी पेज त्याआधी काही वर्षं लंडनमध्ये हेच काम करत होता. कव्हरवर फोटो चार देखण्या पोरांचा असायचा आणि विकायचाही तोच असायचा. त्याखाली चाळिशीतल्या, चष्मेवाल्या, घरी पोरंबाळं असलेल्या वादकांची नावं छापून कुठल्या कंपनीने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला असता?

आता तुमच्या काळजीकडे येतो. 'नाव दुसऱ्याचं' म्हणताना तुमच्या डोळ्यांपुढे कव्हर आहे. माझ्या डोळ्यांपुढे वेगळा कागद येतो.

लॉस एंजेलिसमध्ये वादकांची युनियन होती, आजही आहे. सेशन साधारण तीन तासांचं, त्याचा किमान दर युनियनने ठरवलेला. प्रत्येक सेशनचा एक फॉर्म भरला जायचा: तारीख, स्टुडिओ, वेळ, कोण आलं, काय वाजवलं, किती पैसे. त्या फॉर्मवरून पेन्शनच्या फंडात रक्कम जमा व्हायची. तेच गाणं पुढे सिनेमात किंवा जाहिरातीत वापरलं, तर त्याच फॉर्मवरून वादकाला पुन्हा पैसे मिळायचे. कुठल्या गाण्यात खरं कोणी वाजवलं, हे आज जगाला कळतंय ते बरंचसं या फॉर्मांमुळेच. हॅल ब्लेनने तर स्वतःचा रबरी शिक्का बनवून घेतला होता, 'हॅल ब्लेन स्ट्राइक्स अगेन'. ड्रमचा चार्ट, म्हणजे काय वाजवायचं ते लिहिलेला कागद, वाजवून झाला की त्यावर ठप्प. कव्हर कंपनीचं, पण चार्ट तर आपल्या हातात होता ना!

ज्यांच्याकडे असा भक्कम कागद नव्हता, त्यांचे हाल वाचवत नाहीत. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीची घरचीच वादकमंडळी होती. हा रॉक नव्हे, सोल. पण त्या काळचा प्रत्येक रॉक बासवादक ज्याच्याकडून चोरून शिकला तो जेम्स जेमर्सन यांच्यातला. त्याचं नाव कव्हरवर आलं 1971 मध्ये, तोवर कंपनीची कित्येक गाणी पहिल्या नंबरावर जाऊन आली होती. कंपनीच्या पंचविशीच्या सोहळ्याला, 1983 मध्ये, तो स्वतःच्या पैशाने तिकीट काढून प्रेक्षकांत बसला. त्याच वर्षी गेला.

मुलाला क्लेअर टोरीची गोष्ट ठाऊक आहे का, जरूर विचारा. जानेवारी 1973, लंडनचा ॲबी रोड स्टुडिओ, रविवार. पिंक फ्लॉइड या बँडला गाण्याच्या एका तुकड्यावर शब्दांशिवाय बाईचा आवाज हवा होता. तिने तिथल्या तिथे आलाप रचले आणि रविवारचे म्हणून दुप्पट, तीस पौंड, घेऊन घरी गेली. तो तुकडा ज्या अल्बमात आला तो जगभर किती खपला हे तुमचा मुलगाच तुम्हाला सांगेल. गायिका म्हणून तिचं नाव त्यावर होतं, रचनाकार म्हणून नव्हतं. तिने 2004 मध्ये दावा लावला, 2005 मध्ये तडजोड झाली आणि त्यापुढच्या आवृत्त्यांवर तिच्या नावापुढे रचनेचं श्रेय आलं. मधे तीसेक वर्षं गेली. दुसऱ्याने लिहिलेलं वाजवणं हे एक काम. जागेवर सूर सुचून ते गाण्याचा भाग होणं हे दुसरं. पहिल्याची बिदागी ठरलेली असते, दुसऱ्याचं आधी बोलून घ्यावं लागतं.

मीही यात पोळलोय. कॉलेजात असताना एका जाहिरातीच्या रेकॉर्डिंगला हार्मोनियम वाजवली होती. "पुढच्या आठवड्यात या, पैसे घेऊन जा," म्हणाले. तो आठवडा अजून उजाडायचा आहे.

लॉस एंजेलिसचे हे सेशनवाले एवढे भरवशाचे का होते? बोटं चांगली म्हणून, असं तुमच्या मुलाला वाटत असेल. चांगली बोटं त्या शहरात शेकड्याने होती. टॉमी टेडेस्को नावाचा गिटारवादक एका गिटार मासिकात सदर लिहायचा. त्यात एखाद्या सेशनचा हिशेबच मांडलेला असायचा: समोर काय लिहून ठेवलं होतं, त्याने ते कसं निभावलं, किती वेळ लागला, किती डॉलर मिळाले. समोर आलेला चार्ट पहिल्या नजरेत वाजवायचा, ही त्याची खरी विद्या. मँडोलिन हवं असो की आणखी कुठलं तारवाद्य, तो सरळ गिटारच्या सुरांत लावून घ्यायचा आणि काम उरकायचा. काम घ्यावं ते पैशासाठी, ओळखीसाठी, अनुभवासाठी नाहीतर निव्वळ मजेसाठी. यातलं एकही नसेल तर घेऊ नये, असं तो शिकणाऱ्या पोरांना सांगायचा. मी हे बँकेत लागणाऱ्या मुलांनाही सांगतो.

आणि कॅरोल के. ती मुळात गिटारवादक. 1963 मध्ये एका सेशनला बासवाला आलाच नाही, म्हणून हिच्या हातात बास दिला आणि पुढे ती त्या शहरातली सर्वांत जास्त बोलावली जाणारी बासवादक झाली. पदरात मुलं होती, सेशनचे पैसे चांगले होते. 2025 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने तिला सन्मान देऊ केला, तर नव्वदीच्या बाईने नको म्हणून कळवलं! नावासाठी जीव टाकणारी माणसं वेगळी असतात, ताई. तुमचा मुलगा कदाचित त्यांतला नसेल.

पण या धंद्यालाही ओहोटी लागते. सत्तरच्या दशकात बँड स्वतःच वाजवायला लागले, ऐंशीच्या दशकात ड्रम मशीन आली. ज्याच्या ड्रमवरची गाणी ओळीने सहा वर्षं ग्रॅमीचं 'रेकॉर्ड ऑफ द इयर' ठरली, त्या हॅल ब्लेनला पुढे काही काळ सुरक्षारक्षकाची नोकरी करावी लागली. तुमच्या मुलाच्या बाबांची भीती अगदीच अनाठायी नाही, एवढं त्यांना माझ्याकडून सांगा.

आपल्याकडे काय? मुंबईच्या सिनेसंगीतात हीच गोष्ट घडली, फक्त आडनावं गोव्याची होती. तिथल्या चर्चच्या शाळांत पोरं लहानपणीच स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचायला शिकायची, म्हणून मुंबईच्या स्टुडिओंत त्यांचे व्हायोलिन आणि ट्रम्पेट वर्षानुवर्षं वाजले. रेकॉर्डवर नाव संगीतकाराचं. प्यारेलालजींचे गुरू अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे. शिष्याने 1977 च्या गाण्यात त्यांचं नाव घातलं आणि घराघरात पोचवलं, तेही अमिताभच्या पात्राचं म्हणून.

कायद्यात मात्र एक गोष्ट नीट वाचण्यासारखी आहे. 2012 च्या दुरुस्तीनंतर भारतीय कॉपीराइट कायद्यात वादन करणाऱ्याला व्यावसायिक वापरावर रॉयल्टीचा हक्क आहे. पण चित्रपटात ज्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि ज्याचं नाव श्रेयनामावलीत नाही, त्याला कायदा जवळपास 'परफॉर्मर' धरतच नाही. म्हणजे तिकडे कव्हरवर नाव नसलं तरी फॉर्मने भागत होतं. इकडे पडद्यावरच्या त्या बारीक अक्षरांवर पैसा अवलंबून राहू शकतो. म्हणून श्रेय मागताना लाजायचं नाही. मानपानाचा प्रश्न नाही हा, हिशेबाचा आहे.

आता मुलाने काय करावं. बी.कॉम. करावं, त्यावर मी घासाघीस करणार नाही. स्वतःची बिलं, जीएसटी, करार समजणारा वादक दुर्मीळ असतो. त्याच्याबरोबर दोन वर्षं रोज अर्धा तास फक्त स्वरलिपीचं वाचन. ऑर्केस्ट्रात वाजवणारी पोरं कानाने तयार असतात, कागद पुढे आला की गडबडतात. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या ग्रेड परीक्षा महाराष्ट्रात देता येतात, क्लासिकल गिटारच्या ग्रेड धरल्या तर वाचनाला शिस्त लागते. क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या यांत्रिक ठेक्यावर, वाजवण्याची सवय हवी: स्टेजवर ठेका थोडा पळाला तर लोक टाळ्या वाजवतात, रेकॉर्डिंगमध्ये तो टेक फुकट जातो. एक साधा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे गिटारचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा डबा, घेऊन द्या, नवी गिटार आणखी दोन वर्षं नको. आज बरंचसं काम असं येतं: कोणी गाण्याचा कच्चा ट्रॅक पाठवतं, वादक घरी गिटार भरून फाइल परत करतो. त्यासाठी सांगली सोडायची गरज नाही. मुंबईला जायचं ते ओळखींसाठी, आणि तेही पदवीनंतर. सुरुवातीची वर्षं नुसत्या सेशनवर घर चालणार नाही. शिकवण्या आणि स्टेज दोन्ही धरून ठेवावं लागेल.

आणि बँकेच्या परीक्षेचं: तिसऱ्या वर्षाला असताना एकदा द्यायला सांगा. बाबांचा मान राहील आणि त्यालाही कळेल की आपण दुसरं दार बंद करून आलेलो नाही.

एक वही मात्र आजच आणा. पुढच्या कार्यक्रमापासून त्याने त्यात लिहायचं: तारीख, गाव, कोणासाठी वाजवलं, कुठली गाणी, किती ठरले, किती हातात आले. ठरलेले आणि आलेले यांचे रकाने वेगवेगळे आखा. वर्षाअखेरीला ती वही घेऊन दोघं माझ्याकडे या, मग मुंबईचं बोलू.