मीटिअर घेऊ का, आणि ही कंपनी नक्की कुठली?

प्रश्न: दादा, मी कराडचा, उंची पाच फूट चार. रॉयल एनफिल्डची मीटिअर 350 डोक्यात बसलीये. महिन्यातून दोनदा पुण्याला जाणं होतं, कंबर अधूनमधून धरते. शोरूमवाला तर सगळं गोडगोडच सांगतोय. घेऊ का?

उत्तर: उंचीचं टेन्शन सोडा, सीट 765 मिलिमीटरवर आहे, दोन्ही पाय आरामात टेकतील. वजन मात्र 191 किलो. ते चालवताना जाणवत नाही हो, उतारावर भिंतीकडे तोंड करून गाडी लावली आणि नंतर मागे ओढायची वेळ आली की मग घाम फुटतो, त्यामुळे लावतानाच तोंड रस्त्याकडे ठेवायची सवय लावून घ्या.

इंजिन 349 सीसीचं, ताकद 20 हॉर्सपॉवरच्या जरा वर, कागदावर काहीच नाही वाटत. पण 27 न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे गाडी ओढायचा जोर, 4000 आरपीएमलाच, इंजिन फार न पळवताच मिळतो, म्हणून खंबाटकीच्या चढाला ट्रकमागे अडकलात तरी सारखे गिअर पाडत बसावं लागत नाही. हायवेला 80-90 ला छान धडधडत जाते, 110 च्या पुढे पिळू नका, मजा जाते.

आता कंबर. मीटिअर ही क्रूझर, आणि क्रूझरचे फूटपेग, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्या, पुढे असतात, पाय पसरून बसायचं, सगळा भार माकडहाडावर. साध्या बाइकवर खड्डा दिसला की आपण पेगवर जोर देऊन बूड जरासं उचलतो ना, न कळतच उचलतो, ते इथे नीट जमत नाही आणि दणका थेट मणक्यात जातो. म्हणून टेस्ट राइड शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर दहा मिनिटं घेऊन भागणार नाही, खराब रस्त्यावर अर्धा तास मागा, नाही म्हणाले तर ओळखीच्या कोणाची तरी गाडी घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर काय म्हणते ते बघा आणि मगच टोकन द्या.

प्रश्न: आमच्या नाशिकच्या ग्रुपमध्ये भांडण पेटलंय, रॉयल एनफिल्ड इंग्लंडची की आपली?

उत्तर: जन्म इंग्लंडचा, रेडिच गावचा. हे गाव सुयांसाठी प्रसिद्ध, आणि कंपनीचं मूळही सुया बनवणाऱ्या एका कारखान्यातच, तिथून सायकली, मग एनफिल्डच्या सरकारी बंदूक कारखान्याला सुटे भाग, नावातलं एनफिल्ड आणि रॉयल दोन्ही तिथूनच आलं. कंपनीचं घोषवाक्य 'मेड लाइक अ गन', बंदुकीसारखी बनवलेली, ते उगाच नाही. पहिली मोटरसायकल 1901 ची, बुलेट हे नाव 1932 पासून.

पुढची गोष्ट मद्रासची. आपल्या आर्मीला बुलेट हव्या होत्या, 1955 मध्ये मद्रास मोटर्सने रेडिचवाल्यांबरोबर एनफिल्ड इंडिया काढली, आधी सुटे भाग आणून जोडायचे, मग हळूहळू सगळंच इथे. 1967 ला रेडिचचा कारखाना बंद पडला, मूळ कंपनीही थोड्याच वर्षांत संपली, आणि इकडे मद्रासच्या तिरुवोट्टियूरच्या कारखान्यातून बुलेट निघतच राहिली. 1977 पासून तर हीच मद्रासची बुलेट उलटी इंग्लंडला विकायला जायला लागली! 1994 मध्ये आयशरने कंपनी घेतली, आजही तीच मालक. म्हणून मला विचाराल तर गाडी मद्रासचीच, आईबाप गेल्यावर ज्याने वाढवलं त्याचीच ना.

पण इंग्लंडवाल्या मित्राला अगदीच हरवू नका, मीटिअरच्या इंजिनावर चेन्नईबरोबर कंपनीच्या इंग्लंडमधल्या लेस्टरशरच्या टेक्निकल सेंटरनेही काम केलंय. आणि मीटिअर हे नावसुद्धा जुनंच, 1952 साली रेडिचने 700 सीसीची मीटिअर काढली होती.

प्रश्न: मग थोडे पैसे घालून सरळ सुपर मीटिअर 650 च घ्यावी का?

उत्तर: थोडे? 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी 18 टक्के आणि त्यावरच्यांना 40 टक्के, 349 वाली एका सीसीने वाचली बघा. 650 गाडी म्हणून झकास आहे, दोन सिलिंडर, हायवेला लोण्यासारखी, पण वजन 241 किलो, आणि वर मी भिंतीकडे तोंड करून लावलेल्या गाडीचं सांगितलं ना, त्यात अजून 50 किलो घालून बघा. सोसायटीचं पार्किंग सपाट असेल तरच पुढचं बोलू.