ड्रायर तापतो, पण कपडे ओलेच

प्रश्न : आम्ही मनीषनगरात तिसऱ्या मजल्यावर राहतो. शेजारचं कुटुंब पुण्याला गेलं तेव्हा, मार्चमध्ये, त्यांच्याकडून कपडे सुकवायचा जुना ड्रायर घेतला. सुरुवातीला छान चालला. जुलै लागल्यापासून मात्र दोन-दोन तास फिरवूनही चादरी दमटच निघतात. आतला ड्रम हाताला गरम लागतो. यंत्र मागच्या गॅलरीत आहे. पाऊस आत येतो म्हणून जूनमध्ये गॅलरीला सरकत्या काचा लावल्या आणि बाहेर जाणारा पाइप काढून ठेवला. आता भिंतीला ओल धरली आहे. मेकॅनिक म्हणतो, कॉइल कमजोर झाली, बदलावी लागेल; साडेचार हजार सांगतो. पुस्तिका नाही आणि यंत्राच्या मागची माहितीची पट्टीही पुसली गेली आहे.

उत्तर : ताई, कॉइलचे पैसे अजून देऊ नका. ड्रम गरम लागतो असं तुम्हीच लिहिलंय. कॉइल म्हणजे हवा तापवणारी तार; ती एकतर जोडलेली असते नाहीतर तुटलेली. ती माणसासारखी हळूहळू थकत नाही. काही यंत्रांत दोन कॉइल असतात आणि त्यांतली एक तुटू शकते, ते कसं ओळखायचं हे पुढे सांगते. पण तुमच्या पत्रातलं खरं दुखणं काचांचं आणि काढून ठेवलेल्या पाइपचं आहे.

आपल्या घरचा कूलर आठवा. मे महिन्यात, नवतप्यात, कूलर खोली गारेगार करतो, कारण बाहेरची कोरडी हवा ताट्यांमधलं पाणी भराभर शोषते. तोच कूलर जुलैत नुसता चिकचिकाट करतो. हवा आधीच पाण्याने भरलेली असते, आणखी पाणी ती घेणार कुठे? ड्रायरमध्येही हेच घडतं, फक्त ताट्यांच्या जागी तुमच्या चादरी असतात. यंत्र खोलीतली हवा ओढतं, तापवतं, कपड्यांतून फिरवतं आणि ओली झालेली हवा मागच्या भोकातून फेकतं. ती बाहेर गेली नाही, तर यंत्र तीच हवा पुन्हा ओढतं.

आकड्यांत सांगते. तुमची गॅलरी ६ फूट बाय ४ फूट आणि उंची ९ फूट धरली, तर तिच्यात साधारण ६ घनमीटर हवा मावते. ३० अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ राहते. म्हणजे अख्ख्या गॅलरीत १८० ग्रॅम, एक पेलाभर पाणी. हवा तापून ४० अंशांवर गेली तरी ३०० च्या आसपास. आणि ३ किलो कोरडे कपडे मशीनमधून पिळून निघाले की त्यांत दीड-पावणेदोन लिटर पाणी सहज असतं. उरलेलं पाणी काचेवर, भिंतीवर आणि परत चादरींत बसतं. मार्चमध्ये पाइप बाहेर होता आणि हवा कोरडी होती, म्हणून तुम्हाला काही जाणवलं नाही.

आता यंत्र कोणतं आहे ते नक्की करू. पट्टी पुसली म्हणता, पण आणखी एक पट्टी दार उघडल्यावर आतल्या कडेला असू शकते. टॉर्च लावून बघा. नाहीच सापडली, तर मागे किंवा बाजूला चार इंची गोल भोक आहे का पाहा. तुम्ही पाइप काढला म्हणता, म्हणजे ते असणारच, आणि यंत्र हवा बाहेर टाकणाऱ्या जातीचं आहे. दुसऱ्या जातीत वाफेचं पाणी करून ते खणासारख्या टाकीत साठवतात. तिथे हा पाइप नसतो. पट्टीवर ७ किलो लिहिलेलं असेल, तर ते कोरड्या कपड्यांचं वजन असतं, ओल्यांचं नाही. पुष्कळ जण इथे चुकतात आणि ड्रम ठासून भरतात.

पहिली तपासणी बिनपैशाची. काचा पूर्ण उघडा, पाइप परत लावून तोंड बाहेर काढा आणि नेहमीचे कपडे टाका. प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकाचा काटा घरात असेलच. कपडे पिशवीत घालून आधी वजन करा आणि अर्ध्या तासाने पुन्हा करा. २००० वॉटचं धडधाकट यंत्र अर्ध्या तासात ७०० ग्रॅमच्या आसपास पाणी काढतं. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६३ युनिट वीज लागतेच, आणि थोडी उष्णता ड्रम तापवण्यात व हवेबरोबर जाते, म्हणून याहून फार जास्तीची अपेक्षा ठेवू नका. काचा उघड्या ठेवून ७०० ग्रॅम निघाले, तर यंत्र ठणठणीत आहे. वजन न करता नुसता हात लावून ठरवू नका. गरम कपड्यातला ओलावा हाताला नीट कळत नाही.

समजा ३०० ग्रॅमसुद्धा निघाले नाहीत, तर मीटरपाशी जा. घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा. विजेच्या मीटरवर छोटा लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटमागे तो किती वेळा लुकलुकतो ते मीटरवर छापलेलं असतं. आमच्या मीटरवर ३२०० आहे. त्या हिशेबाने २००० वॉटचं यंत्र मिनिटाला १०७ वेळा लुकलुकवतं. ड्रायर सुरू केल्यावर पहिल्या पाच मिनिटांतच मोजा, कारण नंतर तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट कॉइल बंद-चालू करत राहतो. शंभरीच्या आसपास आले, तर कॉइल शाबूत. पन्नास-साठ आले, तर दोनपैकी एक कॉइल तुटली असावी. दहा-अकराच आले, तर नुसती मोटर फिरते आहे, उष्णता नाहीच. मेकॅनिक आला की त्याच्या देखत मोजा. मी आयटीआयमध्ये बावीस वर्षं इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवला, आणि मुलांना आधी हेच करायला लावायचे : पेचकस हातात घेण्यापूर्वी मोजा.

त्या लुकलुकण्यातून कॉइलवर संशय आला तरच मल्टिमीटर काढायचा, तोही ज्याला सवय आहे त्याने. प्लग काढून, कॉइलची एक वायर सोडवून ओहम मोजायचे. वायर न सोडता मोजलं, तर दुसऱ्या वाटेने आकडा येतो आणि फसवतो. २००० वॉटच्या कॉइलला २३० व्होल्टवर साधारण २६ ओहम यायला हवेत (२३० गुणिले २३०, भागिले वॉट). मग कॉइलचं एक टोक आणि यंत्राचा पत्रा यांच्यामध्येही मोजा. तिथे काहीही आकडा आला, तर करंट पत्र्यात उतरतोय. ते यंत्र दुरुस्त होईपर्यंत चालवू नका.

व्होल्टेजही बघा, पण यंत्र चालू असताना. पावसाळ्यात संध्याकाळी २०० व्होल्ट मिळत असतील, तर उष्णता जवळजवळ पाव हिश्शाने कमी होते आणि दोष कॉइलवर जातो. या यंत्राला १६ अँपिअरचा सॉकेट लागतो. अर्ध्या तासाने प्लगला हात लावा. कढत लागला तर सॉकेट बदलून घ्या, आणि एक्स्टेन्शन बोर्डवर तर हे यंत्र कधीच नको.

जाळीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण यात जिवाचा धोका आहे. दाराशी असलेल्या जाळीत कपड्यांची लव साठते. ती दर वेळी काढायची. वरून स्वच्छ दिसणारी जाळीही बंद असू शकते : कपडे मऊ करायच्या औषधाचा पातळ थर तिच्यावर बसतो. जाळी नळाखाली धरा. पाणी थबकून राहिलं, तर साबण आणि जुन्या टूथब्रशने घासा. लव कापसासारखी पेटते. हवा तुंबली की यंत्र आतून अति तापतं, आणि आग लागू नये म्हणून आतला थर्मल फ्यूज उडतो.

माझ्या नणंदेकडे हा फ्यूज मी दोनदा बदलला. तिसऱ्यांदा उडाला तेव्हा मी इमारतीच्या मागे जाऊन वर पाहिलं. पाइपच्या तोंडात कबुतराने घरटं केलं होतं, काड्यांवर लवेची गादी साठलेली. पहिल्याच दिवशी बाहेर जाऊन बघायला हवं होतं. ते घर पेटू शकलं असतं याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून हात जोडून सांगते, "फ्यूज काढून डायरेक्ट जोडून देतो" असं कोणी म्हणालं, तर त्याला घरात थांबू देऊ नका.

तुमच्या गॅलरीसाठी उपाय सोपा आहे. सरकत्या काचेच्या खाचेत बसेल अशी अॅक्रिलिकची उभी पट्टी सुताराकडून कापून घ्या, तिला चार इंची भोक पाडा आणि पाइपचं तोंड खाली वळवून झडप लावा. झडपेने पाऊसही अडतो आणि कबुतरही. तोंडाला बारीक जाळी नको, लवेने ती महिन्यात बुजते. पाइप आखूड आणि सरळ ठेवा. चांदीच्या कागदासारख्या नळीच्या वळ्यांत लव बसते, त्यापेक्षा कडक पाइप बरा. आणि यंत्र चालू असताना घराकडचं दार थोडं उघडं राहू द्या, नाहीतर त्याला ओढायला हवा कुठून मिळणार?

प्रश्न : आमच्या सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा ड्रायर हुंऽऽ करतो, पण फिरत नाही. मोटर जळली का? (महाल)

उत्तर : बहुधा नाही. या डब्याचं झाकण उघडलं की वीज तुटते आणि ब्रेक लागतो; झाकण लावलं की ब्रेक सुटतो. तो अडकला, तर मोटर जोर लावते आणि नुसती हुंकारते. प्लग काढा, मागचं पॅनेल खोला, झाकण बंद ठेवून ब्रेकची चकती हाताने फिरवा. जड गेली, तर ब्रेकची तार किंवा गंजलेला शाफ्ट बघा. गंज असेल, तर वरच्या रबरी सीलमधून पाणी मोटरवर गळत असतं; सीलही त्याच वेळी बदला, नाहीतर वर्षभरात पुन्हा तेच. चकती सहज फिरली, तर मोटर सुरू करून देणारा कपॅसिटर गेला असण्याची शक्यता मोठी. त्याच्या अंगावर किती मायक्रोफॅरड ते छापलेलं असतं, नवा तेवढ्याचाच घ्या. प्लग काढल्यावरही त्यात करंट साठलेला राहतो, म्हणून टोकांना बोटं लावू नका.

प्रश्न : भाऊ न्यू जर्सीहून कायमचा परत येतो आहे. त्याचा मोठा ड्रायर सामानाबरोबर आणावा का? (धरमपेठ)

उत्तर : नको. तिकडच्या विजेच्या ड्रायरची कॉइल २४० व्होल्टवर चालते, पण मोटर १२० वर. तिथे घरात येणाऱ्या दोन जिवंत तारांमध्ये २४० आणि त्यांतल्या एका तारेत व न्यूट्रलमध्ये १२० मिळतात. आपल्याकडे फेज आणि न्यूट्रलमध्ये थेट २३० असतात, ते मोटरवर गेले की ती जळेल. शिवाय तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची, त्यामुळे मोटर सहाव्या हिश्शाने हळू फिरेल आणि हवाही तेवढी कमी फेकेल. पाच-साडेपाच हजार वॉटचा भार आपल्या १६ अँपिअरच्या सॉकेटला झेपणार नाही, तो वेगळाच. भावाला सांगा, तिथेच विकून टाक.