लोकल सस्पेन्शन टाकून वाचवलेले १९,६०० खरंच वाचतात का?

साताऱ्याच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. २०१५ ची डिझायर, १ लाख १२ हजार किमी झालेत, खड्ड्यातून गेली की पुढून खटखट आवाज येतो. सर्व्हिस सेंटरने पुढचं-मागचं सगळं सस्पेन्शन बदला म्हणून ३३,८०० चं एस्टिमेट दिलंय आणि नेहमीचा मेकॅनिक म्हणतो साहेब १४,२०० मध्ये ओईएम माल, म्हणजे गाडी कंपनीला पार्ट पुरवणाऱ्यांचाच माल, टाकून देतो. गाडी अजून दोन वर्षं वापरून विकायचीय, दर आठवड्याला पुण्याला जाणं-येणं आहे, तर वाचलेले १९,६०० म्युच्युअल फंडात टाकू का? आणि काही झालंच तर फुल इन्शुरन्स आहेच ना!

आधी फंडाचंच बघू. वर्षाला १२ टक्के धरले (मिळतीलच असं नाही, पण धरू) तर दोन वर्षांत १९,६०० चे साधारण २४,६०० होतात, म्हणजे कमाई ५,००० रुपये. आता मेकॅनिकचं एस्टिमेट परत वाचा. त्यात मजुरी ४,५०० आणि अलाइनमेंट-बॅलन्सिंग १,२०० असं तुम्हीच लिहिलंय. हे ५,७०० पार्ट सोन्याचा टाका नाहीतर भंगारातला, दर वेळी द्यावेच लागणार. म्हणजे लोकल बुशचं (सांध्यात धक्के शोषणारा रबरी तुकडा) रबर एका पावसाळ्यात फाटलं आणि परत सगळं खोलावं लागलं की फंडाची दोन वर्षांची कमाई त्या एका मजुरीत गेली, पार्टचे पैसे वेगळेच. स्वस्त पार्टचा खरा खर्च इथे असतो आणि तो एस्टिमेटमध्ये कुठे लिहिलेला नसतो.

आणि हा झाला फक्त पैशाचा भाग. लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणारी दांडी, तिच्या टोकाला जो बॉल जॉइंट (गोळी-खोबणीचा सांधा) असतो तो खोबणीतून निसटला तर ते चाक आडवं पडतं, गाडी त्या बाजूला बसते आणि स्टेअरिंग फिरवून काहीही उपयोग नसतो. हे कॉलनीच्या गेटपाशी झालं तर टोईंगचे पैसे, खंबाटकीचा घाट उतरताना मागे ट्रक असताना झालं तर काय ते मी लिहीत नाही. टाय रॉड एंडचंही (स्टेअरिंगला चाकाशी जोडणारा सांधा) तसंच. उलट लिंक रॉड (वळणावर गाडी झुकू न देणाऱ्या बारला जोडणारी छोटी दांडी) गेला तर गाडी खडखड वाजते, वळणावर जरा जास्त झुकते, पण घरी आणते. त्यामुळे टोटलला टोटल लावून बघू नका, एकेक ओळ बघा.

'ओईएम' हा शब्द काउंटरवर कशालाही लावतात हो. एक असतो गाडीच्या कंपनीच्या डब्यातला पार्ट, दुसरा असतो जे गाडी कंपन्यांना माल पुरवतात त्यांनीच स्वतःच्या डब्यात बाजारात आणलेला, उदाहरणार्थ गॅब्रिएलचे शॉकअप, त्यांचा कारखाना तर इथे चाकणलाच आहे. आणि तिसरा नुसता तसा दिसणारा, कधीकधी हुबेहूब डब्यासकट. दुसऱ्या प्रकाराला नाक मुरडायचं काही कारण नाही. स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड ठोकला होता तो याच कारणासाठी, की स्पेअर पार्ट बाहेरच्या गॅरेजना सहज मिळू देत नाहीत. म्हणजे सर्व्हिस सेंटर सांगेल तेच खरं असंही नाही.

इन्शुरन्सवर मात्र अजिबात विसंबू नका. झीज आणि मेकॅनिकल ब्रेकडाउन नेहमीच्या पॉलिसीत बसत नाही, म्हणजे तुटलेला आर्म तुमच्याच खिशातून. गाडी पुढे डिव्हायडरला आदळली तर त्या नुकसानीचा क्लेम करता येतो, पण गाडी चांगल्या स्थितीत ठेवायची ही पॉलिसीचीच अट आहे आणि इन्शुरन्स कंपनीचा सर्व्हेअर त्यावर बोट ठेवू शकतो. वर क्लेम घेतला की ५० टक्क्यांपर्यंत पोचलेला एनसीबी, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, गेला.

मी असतो तर असं केलं असतं. दोन्ही लोअर आर्म आणि टाय रॉड एंड कंपनीच्या डब्यातले, साधारण ६,२००. पुढचे दोन्ही शॉकअप माउंटिंगसकट चांगल्या मेकचे, जोडीनेच, ८,००० च्या आसपास. लिंक रॉड आणि बाकीचे बुश ब्रँडेड, २,४००. मागचे शॉकअप गळत नाहीयेत असं तुम्ही म्हणता, मग ते कशाला बदलायचे, तपासून घ्या आणि सोडून द्या. मजुरी आणि अलाइनमेंट धरून २२,३०० च्या घरात बसतं. किमती तुमच्याकडे थोड्या इकडेतिकडे होतील. एस्टिमेट २२ सप्टेंबर २०२५ च्या आधीचं असेल तर परत मागा, पार्टवरचा जीएसटी २८ चा १८ झालाय.

आणि हो, मेकॅनिक कच्च्या बिलावर १८ टक्के वाचवतो म्हणेल. १६,६०० च्या पार्टवर अडीच हजार वाचतील पण वॉरंटीचा कागद हातात राहणार नाही, पार्ट डुप्लिकेट निघाला तर भांडणार कशाच्या जोरावर? पक्कं बिल घ्या, जुने पार्ट परत मागा, आणि आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी चाकावर उभी असताना शेवटचे टाईट करायला सांगा. जॅकवर लटकत असताना टाईट केले की रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं, मग आपण शिव्या पार्टला घालतो. गाडी उंच करायला स्प्रिंगमध्ये रबरी बफर घालू का असंही तो विचारेल, दीड हजाराचा मोह आहे, नको म्हणा.

पैसे तुमच्या एफडीतल्या इमर्जन्सी फंडातून काढा, क्रेडिट कार्डावर थकवू नका आणि तुमची सध्याची ८,००० ची एसआयपी चालूच राहू दे. महिन्याला दोन हजार टाकले तर इमर्जन्सी फंड वर्षाच्या आत भरून निघेल.

दोन वर्षांचा विचार बदलून येत्या दिवाळीतच गाडी काढायची असेल तर हिशोब वेगळा. नवे शॉकअप टाकलेत म्हणून कुणी किंमत वाढवून देत नाही, तेव्हा आर्म आणि टाय रॉड एंड तेवढे करा, पुढचे शॉकअप गळत नसतील तर त्यांना हात लावू नका.