एकाच साखरेला अल्फा आणि बीटा पेशी उलट प्रतिसाद का देतात?

मडगावहून आपण विचारले आहे की, स्वादुपिंडातील अल्फा आणि बीटा या दोन्ही पेशींत एटीपीने (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूने) बंद होणारे तेच पोटॅशियम चॅनल (पेशीपटलातील आयनांची वाट) असताना, साखर वाढल्यावर बीटा पेशी इन्सुलिन सोडते आणि अल्फा पेशी मात्र साखर वाढवणारे ग्लुकागॉन आवरते, हे कसे? म्हापशाला शरीरक्रियाशास्त्र शिकवताना हा प्रश्न मला वर्गात नेहमी भेटतो. माझ्या मते फरक सुट्या भागांत कमी आणि त्यांच्या जोडणीत जास्त आहे.

बीटा पेशीचे काम सरळ आहे. सकाळी पोदेराचा पाव खाल्ला की रक्तातले ग्लुकोज वाढते, ते पेशीत शिरते, ग्लुकोकायनेज हे विकर त्याच्या वापराचा वेग ठरवते, एटीपी वाढून पोटॅशियम चॅनल मिटतात, पेशीपटलाचा विद्युतदाब बदलतो, कॅल्शियम आत येते आणि इन्सुलिन बाहेर पडते. मधुमेहावरची ग्लिमेपिराइडची गोळी ग्लुकोजची वाट न पाहता हेच चॅनल बंद करते, म्हणून ती घेऊन जेवण चुकवले तर साखर घसरते.

अल्फा पेशीत मात्र साखर कमी असतानाच हे चॅनल बहुतेक मिटलेले असतात आणि पेशी विद्युतस्पंद देत राहते. साखर वाढून उरलेले चॅनलही मिटले की पटलाचा दाब इतका बदलतो की सोडियम चॅनल निष्क्रिय होऊ लागतात, स्पंद बुटके पडतात आणि उंच स्पंदांवरच उघडणारे कॅल्शियम चॅनल पुरेसे उघडत नाहीत. हे एक प्रबळ स्पष्टीकरण आहे, सर्वमान्य नव्हे, आणि एवढ्यावर भागते असे मलाही वाटत नाही, कारण शेजारच्या पेशींचाही वाटा मोठा आहे. बीटा पेशीचे इन्सुलिन आणि शेजारच्याच डेल्टा पेशीचे सोमॅटोस्टॅटिन ही दोन्ही संप्रेरके अल्फाला दाबतात. शिवाय बीटा पेशी युरोकॉर्टिन-३ हा संकेतरेणू सोडून डेल्टालाच चेतवते. (पुस्तकांत मध्ये बीटा आणि कडेला अल्फा अशी जी आकृती असते ती मुख्यतः उंदराची आहे, माणसात या पेशी बऱ्याच मिसळलेल्या असतात, त्यामुळे शेजार अधिकच जवळचा होतो.)

संकेतांमधला फरक सर्वांत स्वच्छ दिसतो तो ॲड्रेनलिनमध्ये. फोंड्याची सुटत असलेली बस गाठायला आपण धावतो तेव्हा तेच ॲड्रेनलिन दोन्ही पेशींपर्यंत पोहोचते; पण बीटा पेशीवरचा त्याचा प्रमुख ग्राहक (संकेत पकडणारे प्रथिन) अल्फा-२ जातीचा असल्याने तिथे सायक्लिक एएमपी (स्रवणाला चालना देणारा पेशीतला संदेशवाहक) घटते आणि इन्सुलिन थांबते, तर अल्फा पेशीवर बीटा जातीचा ग्राहक असल्याने सायक्लिक एएमपी वाढते आणि ग्लुकागॉन सुटते. पेशींची आणि ग्राहकांची नावे अशी उलटसुलट पडल्याने परीक्षेत हमखास गोंधळ होतो, तेव्हा इथे जरा थांबून वाचावे.

टाइप-१ मधुमेहात बीटा पेशी नष्ट होतात, अल्फा उरतात, तरीही साखर धोकादायक खाली गेली असता त्या ग्लुकागॉन पुरेसे सोडत नाहीत. याचे एक कारण असे की साखर उतरताना शेजारून येणारे इन्सुलिन कमी होणे हा अल्फासाठी सुटकेचा संकेत असतो, आणि टोचलेले इन्सुलिन तसे आपोआप कमी होत नाही. मधुमेही उंदरांत सोमॅटोस्टॅटिनचा ग्राहक औषधाने अडवल्यावर हा प्रतिसाद बराच परत आला होता.